चौसष्ट कुठून

"रस्ता कुठे गेला?" असं बाबांनी मला विचारलं तेव्हा ते तिसऱ्या इमारतीच्या आवारात, उभ्या केलेल्या दोन गाड्यांच्या मधे, जिन्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि रस्ता त्यांच्या पाठीमागे पंचवीस पावलांवर होता. शुक्रवार, सकाळचे साडेआठ वाजले होते. औषधांच्या दुकानातल्या मुलीने फोन केला होता, "ताई, तुमचे बाबा इथे बराच वेळ उभे आहेत. मी विचारलं, तर म्हणाले, काही नाही, जरा विचार करतोय." मी घरातल्या चपलांवरच धावत गेले. सहा वर्षांपूर्वी बाबांची दृष्टी गेली, आधी एका डोळ्याची, मग दुसऱ्याची, आणि या सहा वर्षांत त्यांनी मला वाट विचारल्याचं आठवत नाही. काठी त्यांनी छातीशी उभी धरली होती, गच्च भरलेल्या लिफ्टमधला माणूस आपली छत्री धरतो तशी. मी त्यांच्या कोपराला हात लावला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, याचीच मला भीती वाटली. "बाबा, रस्ता मागे आहे," मी म्हटलं. त्यांनी मान थोडी वळवली, थांबले, पुन्हा पहिल्यासारखी केली. "नाही गं," ते हळू म्हणाले, "मागेही नाहीये."

रस्ता होता. सहा पदरी होता आणि नेहमीसारखा वाहत होता. फक्त त्याच्या आणि आमच्या इमारतींच्या मधे आता पाच मीटर उंचीची भिंत उभी होती, आणि तिचे शेवटचे चार पत्रे आदल्या दिवशी दुपारी बसले होते. ती भिंत माझी होती. म्हणजे पैसे सरकारी, कंत्राटदार कुठलातरी, पण दीड वर्षापूर्वी या ओळीतल्या सोळा ठिकाणी मीटरचं तिकाटणं उभं करून रस्त्याचा आवाज मोजणारी मी होते. माझी पदवी भौतिकशास्त्राची, नोकरी आवाज मोजणाऱ्या कार्यालयात, आणि ते माझं पहिलं स्वतंत्र काम होतं. दिवसाची सरासरी चौऱ्याहत्तर डेसिबल आली. माणसं राहतात त्या जागी एवढा आवाज असू नये, असं मी अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं आणि खाली सही केली होती. भिंत मंजूर झाली तेव्हा शेजारच्या काकूंनी मला जिन्यातच मिठी मारली. भिंतीचं काम तीन आठवडे चाललं, पलीकडच्या टोकापासून आमच्याकडे येत येत, आणि दर चार मीटरला आमच्या घरात काहीतरी नवं ऐकू येऊ लागलं. आधी फ्रिज. मग घड्याळ. मग आई आंघोळीला गेली की स्वतःशी बोलते, हे. काकू म्हणाल्या, "टीव्ही निम्म्यावर आणलाय मी, आणि यांच्याशी ओरडून बोलायची सवय काही जाईना, त्यामुळे रोज भांडण झाल्यासारखं वाटतं." आईच्या रक्तदाबाचा वरचा आकडा दहाने उतरला होता. ते भिंतीमुळेच, असं मी म्हणणार नाही, एका माणसाच्या एका आकड्यावरून काही सिद्ध होत नाही. पण आई सगळ्यांना तसंच सांगत होती.

बाबा काहीच सांगत नव्हते. रोज सकाळी आठला ते फाटकातून बाहेर पडत, डावीकडे वळत, आणि तीनशे चाळीस पावलांवर कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे जाऊन बसत. दोघं जुने मित्र. एकाने आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, दुसऱ्याने कुलुपं, आणि माणसांना आपली वस्तू नीट वापरता येत नाही, यावर दोघांचं एकमत. तासाभराने बाबा परत येत. ही वाट ते काठीने चालतात, असं आम्ही सगळे समजत होतो, कारण काठी दिसत होती. "रस्ता उजव्या खांद्यावर ठेवायचा, झालं," असं ते कधीतरी म्हणाले होते आणि मी त्या वाक्याकडे बोलण्याची एक लकब म्हणून पाहिलं होतं. त्या शुक्रवारी घरी परत येताना मी त्यांना नीट विचारलं, तेव्हा कळलं की ते वाक्य अगदी शब्दशः होतं. उजवीकडे रस्ता. डावीकडे इमारतींवर आपटून परत आलेला रस्ता. दोन इमारतींच्या मधली बोळ आली की डावा रस्ता एकदम नाहीसा होतो, पोकळी लागते, आणि पुढची इमारत सुरू झाली की परत येतो. अशा पाच पोकळ्या मोजल्या की कोपरा. "गेले तीन आठवडे रोज थोडा थोडा जात होता," ते म्हणाले. "कालपर्यंत उरलेल्या तुकड्यावर भागवलं. आज संपला." भिंतीच्या कामात जुना फूटपाथही गेला होता. आता इमारतींची आवारं आणि वाट एकाच सपाट फरशीने जोडलेली, काठीला लागावी अशी कड कुठे नाही. आणि भिंतीला काठी घासत जावं म्हटलं, तर तिला टेकून पहिल्याच आठवड्यात दुचाक्यांची रांग लागली होती.

"बास झालं आता," आई म्हणाली. तिने हे स्वयंपाकघरातून म्हटलं, पण घर आता इतकं शांत होतं की ते आमच्या दोघांच्या मधे येऊन उभं राहिलं. "आजपासून एकट्याने जायचं नाही."

"अगं, मी काय हरवलो होतो? औषधाच्या दुकानाशेजारीच तर होतो."

"कुठे आहात ते तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी काठी दाराशी टेकवून ठेवली.

"मग त्याला हरवणंच म्हणतात. मी येईन पोचवायला. नाहीतर ही येईल. नाहीतर त्या चावीवाल्याला सांगा, इथे येऊन बसा. चहा काय, घरीही होतो."

"पोचवायला," बाबा म्हणाले. "मी काय पार्सल आहे?"

"पार्सल बरं. सांगितलेल्या पत्त्यावर जातं."

ते हसले, पण शनिवारी गेले नाहीत. रविवारी गेले नाहीत. आठ वाजता त्यांनी शर्ट बदलला, खुर्चीत बसले आणि काठीची घडी उलगडून पुन्हा घातली. मला आईचं चुकलं, असंही म्हणता येईना. शुक्रवारी ते आवाराच्या ऐवजी दुसऱ्या टोकाला, चौकाच्या बाजूला भरकटले असते तर? पण काठीची ती घडी घालताना होणारे चार बारीक टक टक आवाज, पूर्वी या घरात कधीच ऐकू आले नसते असे, मी दुसऱ्या खोलीतून मोजत होते, आणि मला वाटत होतं की आपण या माणसाचं बाहेर जाणं सोळा ठिकाणी मोजून, सरासरी काढून, सही करून बंद केलं आहे. लहानपणी मी सुट्टीत त्यांच्या कामावर जायची. इमारतीच्या माथ्यावरच्या यंत्राच्या खोलीत ते मला एका डब्यावर बसवत आणि खालच्या काळोख्या विहिरीसारख्या पोकळीत कान लावून सांगत, "आता चौथा. आता तिसऱ्यावर थांबली. कुणीतरी जाडजूड बसलं." मी खाली धावत जाऊन बघे, तर खरंच कुणीतरी जाडजूड. मला ती जादू वाटे. पुढे शिकल्यावर मी त्याचं स्पष्टीकरण स्वतःला देऊन टाकलं, दोरावरचा ताण, पोकळीतले पडसाद वगैरे, आणि स्पष्टीकरण मिळालं की आपण ज्याकडे बघत होतो ते बघणं थांबवतो, तसं माझं झालं असावं.

सोमवारी भिंतीनंतरचं मापन सुरू करायचं होतं. तीच सोळा ठिकाणं. मी बाबांना म्हटलं, "चला ना माझ्याबरोबर, तिकाटणं धरायला कुणी नाहीये."

"तिकाटण्याला तीन पाय असतात, मोजपट्टी. मला दोनच आहेत. कोण कुणाला धरणार?" मोजपट्टी हे माझं घरातलं नाव. पण ते उठले.

आमच्या कामाची एक शिस्त असते. आधी मायक्रोफोनवर एक छोटं नळकांडं बसवायचं, ते चौऱ्याण्णव डेसिबलचा ठरलेला सूर देतं, मीटरने चौऱ्याण्णवच दाखवलं तर मीटर खरा. मग मायक्रोफोनवर वाऱ्यासाठी स्पंजचा गोळा, जमिनीपासून दीड मीटर उंची, आणि पंधरा मिनिटं शेजारी पुतळ्यासारखं उभं राहायचं. खोकायचं नाही, बोलायचं नाही. कुणी बोललंच, कुत्रं भुंकलं, तर 'वगळा' असं एक बटण असतं, ते दाबून धरायचं. तेवढा वेळ सरासरीत येत नाही. बाबांना हे सगळं सांगितलं. ते पंधरा मिनिटं माझ्यापेक्षा स्थिर उभे राहिले. मीटर थांबल्यावर म्हणाले, "किती?"

"चौसष्ट. आधी चौऱ्याहत्तर होता. दहाने उतरला, बाबा. म्हणजे दहा भागांतला एकच भाग इकडे येतोय."

"कुठून?"

"कुठून म्हणजे?"

"चौसष्ट येतंय ते कुठून येतंय?"

मी मीटरकडे पाहिलं. मीटरवर कुठूनचा रकाना नव्हता. आमचा मायक्रोफोन सगळ्या बाजूंनी सारखाच ऐकतो, तो त्याचा गुण मानला जातो, त्यासाठी तो महाग असतो. दोन वर्षं मी शेकडो घरांच्या समोर उभी राहिले, रस्ता, रूळ, कारखाने मोजले, लाखभर आकडे गोळा केले, आणि त्यातला एकही आकडा कुठून आला होता, हे मला सांगता आलं नसतं. मी तिथे उभी राहून हे बाबांना म्हटलं, जरा खजील होऊनच. ते माझं बोलणं ऐकत नव्हते. त्यांनी डोकं उजव्या खांद्याकडे कलतं केलं होतं, कानात पाणी गेल्यावर माणूस करतो तसं, मग सावकाश डाव्या खांद्याकडे, मग पुन्हा उजवीकडे. "अरेच्चा," ते म्हणाले. "वर गेलाय गं. वरून येतोय."

मला सांगायला हवं की हे मला माहीत होतं. भिंतीच्या वरच्या कडेवर आवाज वाकतो आणि पलीकडे उतरतो, ऐकणाऱ्याला ती कडच जणू आवाजाचा उगम होते, याचं गणित मी परीक्षेत सोडवलं आहे, आकृतीसकट. पण आकृतीत ऐकणारा म्हणजे एक ठिपका होता. ठिपक्याला दोन कान नसतात. उजव्या आणि डाव्या कानात आवाज पोचण्यात जो फरक पडतो तो एका सेकंदाचे एक लाख भाग करावेत, त्यातल्या एका भागाइतका बारीक असला तरी माणसाला कळतो. त्यावरून डावं-उजवं समजतं. वर-खाली मात्र त्याने समजत नाही, कारण दोन्ही कान एका पातळीत असतात. काही घुबडांचा एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा वर असतो आणि काळोखात त्यांना उंदराची उंची कळते. माझा बाप डोकं कलतं करून एक कान वर, एक खाली घेत होता. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी ते आत्ता, माझ्यासमोर, दहा-बारा सेकंदांत शोधून काढलं होतं, आणि मी हातात लाखो रुपयांचं यंत्र घेऊन त्यांच्या मानेकडे पाहत होते. मी 'वगळा'चं बटण दाबलेलं नाही, असं काहीतरी निरर्थक माझ्या मनात येऊन गेलं.

सातव्या ठिकाणाकडे जाताना ते एकदम थांबले. "इथे गळतंय." अकराव्या आणि बाराव्या पत्र्याच्या मधल्या सांध्याशी मी मायक्रोफोन नेला. सदुसष्ट. बोट घातलं, तर सांध्यातली रबराची पट्टी दुमडून बाहेर आलेली. बसवणाऱ्याने घाईत ठोकली असणार. त्या फटीतून रस्ता खरोखरच पातळ धारेसारखा इकडे येत होता, उंच सुराचा, टायरांच्या सळसळीचा, आणि बाबा त्या धारेत तोंड धरून उभे होते. "हे बरं झालं," ते म्हणाले. "इथून सरळ एकशे ऐंशी पावलं गेलो की कोपरा. ही धार उजव्या कानाला लागली की समजायचं, बरोबर आहोत." मंगळवारी ते एकटे गेले. आई जिन्यात उभी राहिली. चावीवाल्याचा फोन आला, "पोचले तुमचे साहेब. आल्या आल्या भाव खातायत." बुधवारी गेले. गुरुवारी गेले. गुरुवारी संध्याकाळपर्यंत माझा अहवाल पूर्ण व्हायला हवा होता, सोळा ठिकाणांचे आकडे त्यात भरून झाले होते, आणि 'बांधकामातील दोष' हा रकाना मी कोरा ठेवला होता. तीन डेसिबल, तेही एका जागी. सरासरीत ते कुठे दिसतही नव्हतं. सरासरी ही किती दयाळू गोष्ट आहे, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मग तिसऱ्या इमारतीतली बाळंतीण मला फाटकाशी भेटली. पहिल्या मजल्यावर तिची खोली, बाळ दीड महिन्याचं. "ताई, तुम्हीच ना त्या भिंतीवाल्या? सगळ्यांकडे शांत झालं म्हणतात. आमच्याच खिडकीत शिट्टी वाजल्यासारखं होतं हो दिवसभर. आधी गोंगाट होता तेव्हा बाळ निदान त्यात झोपायचं. आता हे एवढंसं येतं आणि दचकून उठतं. माझंच काही चुकतंय का?" तिची खिडकी अकराव्या आणि बाराव्या पत्र्याच्या बरोबर समोर होती. मी म्हटलं, नाही, तुमचं काही चुकत नाही. आणि घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, तो कोरा रकानाही.

"लिहिलं नाहीस?"

"नाही."

"माझ्यासाठी?"

मी नुसती मान हलवली आणि मग लक्षात आलं की ती त्यांना दिसत नाही. पण त्यांना ती कळली.

"केबिनच्या दाराला फट राहिली तर मी लिफ्ट चालू करू द्यायचो नाही," ते म्हणाले. "एकदा एक मालक म्हणाला, राहू द्या हो, फटीतून उजेड येतो, लोकांना बरं वाटतं. मी म्हटलं, दिवा लावा. लिही तू ते."

"आणि तुम्ही?"

"मी बघतो."

"काय बघणार?" आई दारातून म्हणाली. "तीन दिवस जरा जीव थाऱ्यावर आला होता माझा. फट बुजवल्यावर पुन्हा कुणाच्या आवारात शोधायचं तुम्हाला? बुजली की घरी बसायचं. मला कबूल करा."

बाबांनी मग माझ्याकडे वळून विचारलं, "बुजवायला कधी येतील?"

"लिहिलं की चार-पाच दिवसांत. मंगळवार धरा."

"मंगळवारी बुजवतील. बुधवारी मी जाईन," ते आईला म्हणाले. "चुकलो, तर पुन्हा एकटा जाणार नाही. कबूल."

मी त्याच संध्याकाळी तो रकाना भरला. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत रोज सकाळी मी त्यांच्याबरोबर भिंतीच्या कडेने चालले. फटीपाशी आलं की ते तिच्याकडचा कान तळव्याने झाकून घेत आणि दुसऱ्याने ऐकत. मला वाटलं होतं ते काही खुणा पाठ करतील, पावलं मोजतील. ते मोजत नव्हते. ते फक्त थांबत, मान कलती करत, आणि एखादं अवजड वाहन येण्याची वाट पाहत. बारीक आवाज भिंतीवरून फारसे इकडे येत नाहीत, वाकू शकतात ते खर्जातले. गाड्या विरून जातात, ट्रक आणि बस राहतात. "छोटे सगळे गाळले तुझ्या भिंतीने," ते एकदा म्हणाले, "आधी नुसती गर्दी होती. आता एकेक जण येतो." मी त्या जागी त्यांच्यासारखी मान करून उभी राहून पाहिलं. मला चौसष्ट ऐकू आला.

मंगळवारी दोन माणसं आली, शिडी लावली, पट्टी सरळ करून ठोकली. मी मीटर नेऊन खात्री केली. चौसष्ट. बाळंतिणीने खिडकीतून हात केला.

बुधवारी आठला बाबा निघाले. आई आणि मी आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या होतो. तिथून पूर्वी रस्ता दिसायचा, आता भिंत दिसते आणि तिच्या वर आकाश. आईच्या पायात बाहेरच्या चपला होत्या. बाबा फाटकातून डावीकडे वळले, पहिली इमारत ओलांडली, दुसरी ओलांडली, आणि तिसऱ्या इमारतीसमोर, त्या मोकळ्या फरशीवर, थांबले. त्यांचं तोंड किंचित आवाराच्या बाजूला वळलेलं होतं. दोन पावलं तशीच टाकली असती तर ते पुन्हा त्या गाड्यांच्या मधे गेले असते. "चुकले," आई म्हणाली. "जा तू. नाहीतर मी जाते." मी तिचा हात धरला. बाबांनी काठी छातीशी उभी धरली. एक मिनिट गेलं असेल, कदाचित कमी, मी घड्याळ पाहिलं नाही. मग त्यांनी डोकं उजव्या खांद्यावर कलतं केलं, हनुवटी वर उचलली, आणि त्यांचा चेहरा हलू लागला. भिंतीच्या वरच्या कडेवरून, एका टोकाकडून दुसऱ्याकडे, न थांबता, एकाच संथ गतीने. आकाशातून जाणाऱ्या पक्ष्याकडे पाहावं तसे ते पाहत होते. तिथे काहीच नव्हतं. आईने कडेवर नजर टाकली, मग माझ्याकडे पाहिलं. मी कान दिला, तेव्हा कुठे मला खूप खालच्या सुरातली एक घरघर लागली, भिंतीपलीकडून जाणाऱ्या, आम्हा दोघींनाही न दिसणाऱ्या कुठल्यातरी ट्रकची. बाबांचा चेहरा तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेला. पाय त्या दिशेला वळले. आणि ते तिच्या मागोमाग चालू लागले.